खबर देणार

मोडी वाचणारे रहाळकर
सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसतात.
"लोक जातीचा रकाना विचारतात," म्हणाले,
"दाखला हवा असतो. या शेवटच्या रकान्यावर
बोट ठेवणाऱ्या तुम्हीच."

शेवटचा रकाना: खबर देणार.

मी आले होते पणजोबांसाठी.
त्रिंबक सावळाराम, धंदा तांबट.
मानमोडीच्या साथीत गेले, घरात माहीत ते एवढंच.
रामकुंडावर उपाध्यायांच्या वहीत
आजोबांनी मोठेपणी सांगितलं तेवढं उतरलंय:
नाव, गोत्र, "आश्विनात".
तिथी नाही.

नगरपालिकेचं रजिस्टर, सन अठरा.
कधीच्या तरी पुरात पानांच्या खालच्या कडा भिजल्या,
तिथे मेलेल्यांची वयं विरघळलीत.
रहाळकर वाचतात, किराणा मालाची यादी वाचावी तसे:

"मथुरा, बांगड्या विकणारी, वय बावीस. ताप.
खबर देणार त्रिंबक सावळाराम.
बाबू पाणक्या. ताप. खबर देणार त्रिंबक सावळाराम.
यात्रेकरू, वऱ्हाडाकडला, नाव माहीत नाही,
धर्मशाळेच्या ओट्यावर मिळाला. खबर देणार..."
"तोच," मी म्हटलं.

चौदा वेळा.

चौदा वेळा हातोडा खाली ठेवून
तो कचेरीपर्यंत चालत गेला असेल,
कारण तांबट आळीत सही येत होती त्याला
आणि बाकीच्यांना ताप होता, किंवा रडायचं होतं.
त्या महिन्यात आळीतली ठोकाठोक थांबली होती का,
हे लिहायला रजिस्टरात जागा नाही.

पान उलटलं.
"त्रिंबक सावळाराम, वय एकतीस. ताप.
खबर देणार सगुणा, निशाणी अंगठा.
नाते..." भिंग खाली गेलं, वर आलं.
"नाते काही नाही."

आमच्याकडे सांगायचे, सगळे तेव्हा सिन्नरला होते,
त्यांनीच बैलगाडीत घालून पाठवलेले.
मागाहून कोणीतरी कळवलं.
शंभर वर्षं आमच्या घरात
या बाईचं नाव "कोणीतरी" होतं.

मी म्हटलं, मागे चला.
रहाळकर कुरकुरले, चष्मा बदलला, चालले.
नऊ पानं मागे:
"मुलगी, नाव ठेवले नाही. वय पाच दिवस.
आई सगुणा, मोलमजुरी. बाप..." इथे कोरं.
"खबर देणार..."
पुढचं त्यांनी वाचलं नाही. मीही विचारलं नाही.

चुलतभाऊ फोनवर हसला. कोरं? मग पणजोबाच की!
असेल. नसेल.
मथुरेसाठीही गेला होता तो,
नाव नसलेल्या वऱ्हाडकरासाठीही.

बाबा गेले तेव्हा बिटकोच्या खिडकीशी मी उभी.
कारकुनाने विचारलं, भाऊ नाही का कोणी?
आहे. पुण्याहून निघालाय, चाकणला अडकलाय.
माहिती देणाऱ्याचे नाव: माझं.
नाते: मुलगी. इथे पेन चालेना.
त्याने स्वतःचं दिलं आणि परत मागायला विसरला.
अजून पर्समध्ये आहे. त्यानेच
काल वंशावळीत सगुणा लिहायला बसले,
फांदी कुठून काढावी कळेना,
समासात लिहिलं, तांब्याच्या ठोक्याएवढं.

निघताना पुन्हा ते पान उघडायला लावलं.
तपकिरी शाई, अंडाकृती,
रेषा एका बाजूला झिजलेल्या, भांडी घासून असतील.
रहाळकरांनी बराच वेळ भिंग धरलं.
"हे ना मोडी, ना बाळबोध," म्हणाले,
"हे मला येत नाही."
आणि पैसे मोजताना
त्या ओळीचे वजा केले.